इतका ठेचलेला धातू मजबूत होतो ते ठीक, पण मग तुटतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्ड वर्क केलं (धातू गरम न करता ठोकला, ओढला) की धातू कडक होतो आणि ठिसूळही होतो असं आपण सगळे शिकलो. मग ईसीएपी, एचपीटी असल्या पद्धतींत (त्या काय ते पुढे येतंच) धातूला साध्या रोलिंगच्या कितीतरी पट जास्त ठेचतात, पिळतात, तरी तो तिथेच तुटत का नाही? आणि मजबुती तिप्पट-चौपट होते म्हणतात ते खरं असेल तर फ्रॅक्चरच्या, म्हणजे तुटण्याच्या, बाजूने त्याची किंमत किती?

आधी माझं मत सांगून टाकतो. मजबुती वाढते यात वादच नाही आणि ती का वाढते हेही बऱ्यापैकी कळलेलं आहे. घोळ सगळा फ्रॅक्चरमध्ये आहे, कारण 'ठिसूळ' या एका शब्दाखाली लोक तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबतात. यातले बरेच धातू लवकर नेक होतात (ताणताना एका जागी बारीक होतात) पण तुटताना चांगले चिवट असतात, आणि जे खरोखर सहज फाटतात ते बहुतेक वेळा एकाच ठरावीक दिशेने फाटतात. म्हणून कोणी नुसता टेन्साइलचा (ताणून तोडायच्या टेस्टचा) आकडा पुढे केला की मी पहिलं हेच विचारतो की सॅम्पल कुठून आणि कोणत्या दिशेने कापलं होतं.

आता 'सिव्हिअर' म्हणजे किती ते बघू. साध्या वायर ड्रॉइंगने ट्रू स्ट्रेन (लांबी जितक्या पट झाली त्याचा नॅचरल लॉग) ८ गाठायचा तर १० मिमीचा रॉड ओढत ओढत ०.१८ मिमीवर आणावा लागतो, म्हणजे स्ट्रेन मिळाला पण हातात केसाएवढी तार उरली. सिव्हिअर प्लास्टिक डिफॉर्मेशनची मेख ही की तुकड्याचा आकार तोच ठेवून तेवढाच स्ट्रेन द्यायचा. ईसीएपीच्या (इक्वल चॅनेल अँग्युलर प्रेसिंग) डायमध्ये एकाच मापाच्या दोन वाटा काटकोनात मिळतात, बिलेट (धातूचा तुकडा) वरून दाबायचं, ते कोपऱ्यावर शिअर होऊन (थर एकमेकांवर सरकून) दुसऱ्या वाटेने बाहेर येतं, माप जवळपास तेच राहतं म्हणून फिरवून परत घालता येतं, दर पासला साधारण १ स्ट्रेन. ही कल्पना व्लादिमीर सेगल यांची, १९७० च्या दशकातली, मिन्स्कमधली. एचपीटीत (हाय प्रेशर टॉर्शन) छोटी चकती दोन अँव्हिलमध्ये काही गिगापास्कल दाबाखाली धरून पिळतात. १० मिमी व्यासाची, ०.८ मिमी जाडीची चकती एकच फेरी फिरवली तर कडेला शिअर स्ट्रेन ३९ च्या घरात जातो आणि अगदी मध्यात, हिशेबाने, शून्य. त्यामुळे एचपीटीच्या चकतीची 'हार्डनेस किती' हा प्रश्नच अर्धा आहे, कुठे मोजली ते आधी सांगा. एआरबी (अॅक्युम्युलेटिव्ह रोल बाँडिंग) ही ओसाका विद्यापीठातल्या साइतो, त्सुजी वगैरे मंडळींची १९९८ ची पद्धत: पत्रा कापायचा, घासून साफ करायचा, एकावर एक ठेवून निम्म्या जाडीवर रोल करायचा, परत कापायचा. दहा वेळा केलं की १०२४ थर, १ मिमी पत्र्यात एकेक थर १ मायक्रॉनच्या आसपास. बाकी ट्विस्ट एक्स्ट्रुजन, मल्टी-अॅक्सिअल फोर्जिंग असे प्रकार पुष्कळ आहेत, तत्त्व तेच, त्यात आत्ता शिरत नाही.

तुटत का नाही याचं उत्तर दाबात आहे. डक्टाइल फ्रॅक्चर, म्हणजे आधी वाहून मग तुटणं, कसं होतं ते आठवा. धातू कितीही स्वच्छ असला तरी आत ऑक्साइड, सल्फाइड, कसले ना कसले बारीक कण असतातच, मऊ धातू त्यांच्याभोवती वाहतो, कण वाहत नाही, मग एकतर कण फुटतो नाहीतर धातूपासून सुटतो आणि तिथे पोकळी होते. ती वाढते, शेजारच्या पोकळीला जाऊन मिळते आणि तडा तयार. पण पोकळी झपाट्याने वाढायला नुसता शिअर पुरत नाही, सगळ्या बाजूंनी ओढणारा ताण लागतो. राइस आणि ट्रेसी यांनी १९६९ मध्ये हिशेब मांडून दाखवलं की ही वाढ स्ट्रेस ट्रायअॅक्सिअॅलिटीबरोबर (सगळ्या बाजूंच्या सरासरी ताणाचं आकार बदलणाऱ्या ताणाशी प्रमाण) एक्स्पोनेन्शिअल वेगाने बदलते. उलट सगळ्या बाजूंनी दाब असेल तर पोकळी उघडतच नाही, उघडलेली असली तर मिटते. हे प्रयोगाने आधीच दिसलं होतं. पर्सी ब्रिजमन, ज्यांना १९४६ चं फिजिक्सचं नोबेल हाय प्रेशरच्या कामासाठी मिळालं, त्यांनी प्रचंड दाबाखाली स्टीलच्या टेन्साइल टेस्ट केल्या तेव्हा एरवी लवकर तुटणारं स्टील नेक बारीक होत होत खूप पुढपर्यंत जायचं. दाबाखाली चकत्या पिळण्याचे प्रयोगही त्यांचेच, १९३० च्या दशकातले, आजची एचपीटी तिथूनच आलेली आहे.

म्हणजे धातू किती विकृती सोसेल ही नुसती त्या धातूची खासियत नाही, ताण कसा देताय त्यावर ते ठरतं. वायर ड्रॉइंगवाल्यांना हे रोजचं आहे, डायचा कोन मोठा आणि रिडक्शन कमी ठेवलं तर तारेच्या मध्यात ओढणारा ताण तयार होतो आणि आतल्या आत बाणाच्या टोकासारखे तडे पडतात, बाहेरून तार गुळगुळीत दिसते.

ईसीएपीतही दाब सगळीकडे सारखा नसतो. आतल्या कोपऱ्याजवळून जी बाजू सरकते तिथे दाब कमी पडतो, कधी चक्क ताण येतो, त्यामुळे बिलेट बाहेर आलं की मी आधी त्याची वरची बाजू बघतो. तिथे आडवे, बारीक, साधारण सारख्या अंतरावरचे तडे दिसले तर पुढचा पास द्यायचा नाही, ग्राइंड करून काढता येत असतील तर काढायचे, नाहीतर बिलेट बाद. मॅग्नेशियम रूम टेम्परेचरला काटकोनी डायमधून घालवायला गेलात तर ते तिरप्या तुकड्यांत बाहेर येतं, कारण हेक्सागोनल रचनेत सहज चालणाऱ्या स्लिप सिस्टिम (अणूंचे थर सरकायच्या वाटा) मोजक्याच, सगळा शिअर एका पट्ट्यात गोळा होतो. म्हणून मॅग्नेशियम गरम करून करतात, टायटॅनियम तर पूर्वीपासून ४०० ते ४५० अंश सेल्सिअसला. दुसरा उपाय म्हणजे बाहेरच्या वाटेत बॅक प्रेशर, म्हणजे उलटा दाब, द्यायचं, खर्चिक आहे, पण ज्या अॅलॉयमध्ये तडे हटतच नाहीत तिथे त्याच्याइतकं काही चालत नाही.

एक मात्र आहे. दाबाने तडा उघडला नाही म्हणजे नुकसान झालंच नाही असं नाही. कण तुटलेले असतात, नॅनोमीटर मापाच्या पोकळ्या राहतात, जादा व्हेकन्सी (अणूंच्या रिकाम्या जागा) भरलेल्या असतात, आणि प्रेस सुटली की ते सगळं तुमच्या पार्टमध्ये जसंच्या तसं असतं.

आता मजबुती. धातू बारीक स्फटिकांचा, म्हणजे ग्रेनचा, बनलेला असतो; ग्रेनच्या आत डिस्लोकेशन (अणूंच्या रांगांतले सरकणारे दोष) वाढतात, एकमेकांत अडकतात, मग गोळा होऊन भिंती करतात, ग्रेनचे कप्पे पडतात. सुरुवातीला कप्प्या-कप्प्यातला ओरिएंटेशनचा फरक एक-दोन अंशांचा असतो, स्ट्रेन वाढेल तसा वाढत जातो आणि १५ अंशांच्या पुढे गेला की ती पक्की ग्रेन बाउंड्रीच म्हणायची. पहिल्या एक-दोन पासमध्ये मजबुती धाडकन वाढते पण बाउंड्री बहुतांश लो अँगल असतात. पुढच्या पासमध्ये मजबुतीचा आकडा फारसा हलत नाही, आत मात्र रचना बदलत असते. त्यामुळे 'दोन पासनंतर हार्डनेस वाढत नाही मग आठ पास कशाला' असं कोणी म्हटलं तर त्याला सांगायचं की पुढचे पास बाउंड्रीच्या क्वालिटीसाठी आहेत, आणि फटीग (वारंवार लोडने तुटणं), डक्टिलिटी (न तुटता ताणलं जाणं), सुपरप्लास्टिसिटी (गरम असताना कित्येक पट ताणलं जाणं) सगळं त्या क्वालिटीवर चालतं.

ग्रेन बारीक की धातू मजबूत, हे हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये स्टीलवर दाखवलं, यील्ड (आकार कायमचा बदलायला लागणारा ताण) ग्रेनच्या मापाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. तांब्याचा हिशेब करून बघा. ५० मायक्रॉनच्या ग्रेनला यील्ड ४०-४५ मेगापास्कलच्या घरात येतं. ग्रेन पाव मायक्रॉनवर आणला तर हॉल-पेचप्रमाणे २५० ते ३०० यायला पाहिजे, पण ईसीएपी केलेल्या तांब्यात प्रत्यक्ष ३५० ते ४०० मिळतं. वरचा फरक कुठून आला? ग्रेनच्या आत अजून अडकलेल्या डिस्लोकेशनमधून आणि बाउंड्रीत साठलेल्या जादा ताणातून. म्हणून एकाच मापाचे ग्रेन पण वेगळ्या वाटेने बनवलेले असतील तर यील्ड वेगळं येतं, नुसतं ग्रेन साइज लिहून भागत नाही. अॅल्युमिनियमचा आकडाही देतो, एआरबीने साधं कमर्शिअल ११०० ग्रेड टेन्साइलमध्ये सुमारे ८४ मेगापास्कलवरून ३०० च्या थोडं वर गेलेलं आहे, तेही कुठलंही अॅलॉइंग न करता.

ही वाढ अमर्याद नसते. एका टप्प्यानंतर जेवढ्या नव्या बाउंड्री तयार होतात तेवढ्याच सरकून, एकमेकींत मिसळून नाहीशा होतात आणि ग्रेन तिथेच अडकतो, शुद्ध तांब्यात काहीशे नॅनोमीटरवर, अतिशुद्ध अॅल्युमिनियममध्ये त्याहून बराच मोठा, मायक्रॉनच्या आसपास. अतिशुद्ध अॅल्युमिनियममध्ये तर जास्त पिळलं की हार्डनेस थोडी उतरतेसुद्धा, कारण रिकव्हरी (डिस्लोकेशन आपोआप विरणं) रूम टेम्परेचरलाच जोरात चालते. अजून खाली जायचं असेल तर अॅलॉइंग करा नाहीतर तापमान उतरवा, फेऱ्या वाढवून काही होत नाही.

आता टेन्साइल कर्व्ह, इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतात. ईसीएपीचं तांबं मशीनला लावलं की कर्व्ह सरळ वर जातो, एक-दोन टक्क्यांतच शिखर गाठतो आणि मग हळूहळू उतरायला लागतो. नवीन माणूस तिथेच म्हणतो, झालं, ठिसूळ झालंय. पण सॅम्पलकडे बघा की. शिखराच्या लगेच नंतर एका जागी कंबर बारीक व्हायला लागते आणि तुटेपर्यंत तिथलं क्षेत्रफळ निम्म्याच्याही खाली गेलेलं असतं. तुटलेला भाग मायक्रोस्कोपखाली घातलात तर डिंपलच डिंपल (पोकळ्यांचे खळगे), नुसते आधीपेक्षा बारीक. हे ठिसूळ फ्रॅक्चर नाहीच. झालंय ते कॉन्सिडेअरच्या अटीप्रमाणे: ज्या क्षणी वर्क हार्डनिंगचा दर ट्रू स्ट्रेसपेक्षा कमी पडतो त्या क्षणी नेक सुरू होतो. अनील्ड (तापवून मऊ केलेलं) तांबं ५० मेगापास्कलला यील्ड होतं आणि हार्डनिंग भरपूर, म्हणून ते तीस-चाळीस टक्के सरळ ताणलं जातं. ठेचलेल्या तांब्यात स्ट्रेस पहिल्यापासूनच ४०० आणि हार्डनिंगची ऐपत प्रोसेसमध्येच खर्च होऊन गेलेली, कारण ग्रेन इतका लहान की नवीन डिस्लोकेशन साठायला जागाच नाही, आली की समोरच्या बाउंड्रीत गडप. मग नेक लगेच होणारच. युनिफॉर्म इलाँगेशन (नेक व्हायच्या आधीची लांबीतली वाढ) गेलं हे खरं, आणि शीट फॉर्मिंग करणाऱ्याला तेच नडतं, पण बोल्टवाल्याला रिडक्शन ऑफ एरिया (तुटल्या जागी क्षेत्रफळ किती घटलं) जास्त महत्त्वाचं, आणि ते बऱ्यापैकी टिकलेलं असतं.

याच्याशी जोडलेली एक लबाडी सांगतो (लबाडी म्हणजे बऱ्याचदा नाइलाजच असतो, मटेरियल तेवढंच मिळतं). एचपीटीच्या चकतीतून १-२ मिमी गेज लेंग्थचे (ज्या लांबीवर ताणणं मोजतात ती) इवलेसे सॅम्पल कापतात. नेकचा स्ट्रेन सगळा त्या एक-दोन मिमीतच मोजला जातो, त्यामुळे इलाँगेशन वीस-तीस टक्के दिसतं, तेच मटेरियल २५ मिमी गेजवर पाच टक्के दाखवेल. तेव्हा दोन पेपरातली इलाँगेशन शेजारी मांडायच्या आधी गेज लेंग्थ बघा, फेल्युअरपर्यंतची आणि युनिफॉर्म वेगवेगळी मागा.

डक्टिलिटी परत आणता येते का? येते, पण सरधोपट अनीलिंगने येईलच असं नाही. २००२ मध्ये यिनमिन वांग, एन मा आणि सहकाऱ्यांनी तांबं लिक्विड नायट्रोजनच्या तापमानाला रोल करून २०० अंशांना जेमतेम तीन मिनिटं गरम केलं; बारीक ग्रेनच्या मधेमधे मायक्रॉन मापाचे मोठे ग्रेन उगवले, मजबुती बऱ्यापैकी राहिली आणि युनिफॉर्म इलाँगेशन तीस टक्क्यांच्या आसपास परत आलं. मोठे ग्रेन हार्डनिंग देतात, बारीक ग्रेन मजबुती धरून ठेवतात. आता याच्या बरोब्बर उलट: २००६ मध्ये हुआंग, हान्सन आणि त्सुजी यांनी एआरबी केलेलं अॅल्युमिनियम १५० अंशांना अर्धा तास ठेवलं तर ते आणखी कडक झालं आणि इलाँगेशन घटलं, आणि मग थोडंसं परत रोल केलं तर मऊ झालं. म्हणजे जन्मभर शिकवलेलं सगळं उलटं. कारण असं की बारीक ग्रेनमधले सुटे, हलू शकणारे डिस्लोकेशन अनीलिंगमध्ये बाउंड्रीत विरून जातात, मग यील्ड सुरू करायला नवीन डिस्लोकेशन कुठून तरी ओढून काढावे लागतात, आणि त्याला जास्त ताण लागतो. हा परिणाम सगळीकडे येत नाही, पण 'जरा अनील करू, मऊ होईल' असं आंधळेपणाने करू नका एवढं त्यातून घ्या.

आता फ्रॅक्चर टफनेस, म्हणजे आधीच तडा असेल तर तो पुढे धावायला किती जोर लागतो. ठेचताना ग्रेन नुसते बारीक होत नाहीत, बहुतेक पद्धतींत ते लांबट, चपटे होऊन एकाच दिशेला लोळतात, आणि तुटलेले कणही त्याच दिशेला रांगेत लागतात. अशा मटेरियलमध्ये तडा आडवा घालवायचा तर अवघड आणि रांगेबरोबर घालवायचा तर सोपं, लाकूड आडवं तोडताना घाम फुटतो आणि उभं फोडताना एका घावात दोन फाका होतात तसं. ऑस्ट्रियातल्या लेओबेनमध्ये पिप्पान आणि होहेनवार्टर यांनी एचपीटीच्या लोखंडावर आणि स्टीलवर हे पद्धतशीर मोजलं, त्याच तुकड्यातून वेगवेगळ्या दिशांना तडा घातला तर टफनेस कित्येक पटींनी बदलते. मग 'या मटेरियलची टफनेस किती' याला एक उत्तर असूच शकत नाही.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण पर्लिटिक स्टीलची तार. ड्रॉइंग करत करत फेराइट-सिमेंटाइटचे (जवळपास शुद्ध लोखंड आणि कडक लोह-कार्बाइड यांचे) थर नॅनोमीटरवर येतात, सिमेंटाइट अर्धंमुर्धं विरघळतं आणि कार्बन बाउंड्रीवर जाऊन बसतो. २०१४ मध्ये जर्मनीतले संशोधक डिर्क राबे यांच्या गटाने ट्रू स्ट्रेन ६.५ च्या वर नेलेल्या तारेत जवळपास ७ गिगापास्कल टेन्साइल दाखवलं, बल्क स्टीलमध्ये इतकं आधी कोणी बघितलं नव्हतं. तीच असली तार पिळायला घ्या. टॉर्शन टेस्टमध्ये चांगली तार सरळ आडवी, सपाट तुटते. जास्त ओढलेली किंवा ओढल्यावर नको तेवढी गरम झालेली तार पहिल्या काही फेऱ्यांतच लांबीच्या दिशेने सर्पिलाकार उकलते, टॉर्कचा कर्व्ह एकदम खाली पडतो, तारेवर बारीक रेघ फिरलेली दिसते. टेन्साइलमध्ये दोन्ही तारा सारख्याच पास! म्हणून तारवाले टॉर्शन टेस्ट सोडत नाहीत आणि बरोबरच करतात.

पण हेच फाटणं कामालाही लावता येतं. जपानच्या एनआयएमएस या मटेरियल संशोधन संस्थेत किमुरा, त्सुझाकी वगैरेंनी २००८ मध्ये स्टील ५०० अंशांना खाचेच्या रोलमधून काढून लांबट बारीक ग्रेन केले, यील्ड १.८ गिगापास्कलच्या वर. शार्पीत (खाचेचा तुकडा हातोड्याने तोडून लागलेली एनर्जी मोजायची टेस्ट) त्याला आडवी खाच दिली तर तापमान ६० वरून उणे ६० पर्यंत उतरवताना एनर्जी कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, कारण पुढे निघालेला तडा कमकुवत उभ्या थरात वळतो, फाटे फुटतात, टोक बोथट होतं. साधं स्टील उणे तापमानाला काय करतं ते माहीतच आहे. मात्र तोच रॉड उभा फोडायला गेलात तर ही गंमत शिल्लक राहणार नाही, लोड नेमका कोणत्या दिशेने येणार हे माहीत असलेल्या पार्टलाच हे चालतं, बोल्ट किंवा शाफ्टसारख्या.

'कोल्ड वर्क म्हणजे ठिसूळ' याला सगळ्यात जुना अपवाद म्हणजे टंगस्टन. अनील होऊन रिक्रिस्टलाइझ झालेलं (नवे ग्रेन उगवलेलं) टंगस्टन रूम टेम्परेचरला काचेगत तुटतं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये विल्यम कूलिज यांनी १९१० च्या आसपास ते गरम ठोकून, ओढून, तापमान टप्प्याटप्प्याने उतरवत बल्बची वळवता येणारी तार केली. म्हणजे जितकं ठेचाल तितकं लवचिक. बीसीसी धातूंमध्ये (टंगस्टन, लोखंड असल्या घनाकृती रचनेच्या) बारीक, लांबट ग्रेन डक्टाइल-ब्रिटल ट्रान्झिशन, म्हणजे ज्या तापमानाखाली धातू ठिसूळ होतो ते, खाली ढकलतात.

कणांचा मुद्दा राहिला. ओतीव अॅल्युमिनियम-सिलिकॉनमध्ये सिलिकॉनच्या अणकुचीदार काड्या असतात आणि ओतकामाची सच्छिद्रता असते, तिथे ईसीएपीने काड्यांचे बारीक गोलसर तुकडे होऊन पसरतात, छिद्रं मिटतात, आणि मजबुती व चिवटपणा दोन्ही वाढतात. माझ्या मते ही पद्धत खरी कमाई करून देते ती अशाच ठिकाणी, जिथे मूळ मटेरियलमध्ये दोष जास्त आहेत. आधीच स्वच्छ आणि मऊ असलेल्या धातूत मात्र चिवटपणाचा थोडा तरी तोटा घ्यावाच लागतो.

फटीगबद्दल थोडक्यात. लोड कंट्रोलमध्ये (दर सायकलला ठरावीक ताण), लाखो सायकलवर फायदा स्पष्ट आहे कारण तडा सुरू व्हायलाच जास्त ताण लागतो; ग्रेड ४ टायटॅनियम ईसीएपी आणि पुढच्या ड्रॉइंगने सुमारे ७०० वरून १२४० मेगापास्कलला गेलं तेव्हा दहा लाख सायकलची फटीग स्ट्रेंग्थही साधारण ३४० वरून ६२० ला गेली, म्हणून दातांच्या इम्प्लांटला ते आवडतं, त्यात व्हॅनेडियम आणि अॅल्युमिनियम नसूनही ते टायटॅनियम ६-४ च्या (६ टक्के अॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियमचं अॅलॉय) तोडीला येतं. स्ट्रेन कंट्रोलमध्ये (दर सायकलला ठरावीक विकृती), मोठ्या अॅम्प्लिट्यूडला मात्र उलट, आयुष्य कमी होतं, शुद्ध तांबं तर सायकलिंगमध्येच मऊ होत जातं, कुठे कुठे ग्रेन मोठे होतात. आणि एकदा तडा पडला की बारीक ग्रेनमध्ये तो सरळ, गुळगुळीत वाटेने धावतो, वेडावाकडा जात नाही, त्याचे काठ एकमेकांना टेकून अडत नाहीत, त्यामुळे थ्रेशोल्ड (ज्याच्या खाली तडा वाढतच नाही ती पातळी) कमी. पृष्ठभागावर खरवडा, खाच असलेल्या पार्टमध्ये फटीगचा फायदा पुष्कळसा वाया जातो तो यामुळे. मशीनिंगनंतरचं फिनिश इथे दुय्यम गोष्ट नाही.

उष्णतेचं भान ठेवा. शुद्ध तांब्याची ही रचना २०० अंशांच्या आसपास तासाभरात विस्कटते, शुद्ध चांदी तर नुसती ठेवून दिली तरी मऊ पडते. वेल्डिंग, ब्रेझिंग, गरम कोटिंग केलं की तेवढ्या भागापुरतं सगळं पाण्यात. अॅल्युमिनियममध्ये स्कँडियम-झर्कोनियमचे कण बाउंड्री धरून ठेवतात तेव्हा मात्र ४०० अंशांनाही ग्रेन बारीक राहतो, आणि त्या तापमानाला ईसीएपी केलेलं अॅल्युमिनियम-३ मॅग्नेशियम-०.२ स्कँडियम २००० टक्क्यांहून जास्त ताणलं गेलेलं आहे. तेच मटेरियल, ज्याला रूम टेम्परेचरला लोक ठिसूळ म्हणत होते.

तुम्हाला असं मटेरियल घ्यायचं किंवा तपासायचं असेल तर हे मागा: यील्ड, युनिफॉर्म इलाँगेशन, रिडक्शन ऑफ एरिया, गेज लेंग्थसकट, बिलेटच्या मध्यात आणि कडेला हार्डनेस, निदान दोन दिशांना टफनेस. टफनेसचा सॅम्पल किती जाड लागेल तेही आधी काढा, जाडी टफनेस भागिले यील्ड याच्या वर्गावर अवलंबून असते. यील्ड १५०० मेगापास्कल आणि टफनेस ३० मेगापास्कल रूट मीटर असेल तर प्लेन स्ट्रेनला (जाडीच्या दिशेने धातू हलू शकत नाही ती स्थिती) १ मिमी पुरतो, पण यील्ड ४०० आणि टफनेस ४० असेल तर २५ मिमी लागतो, आणि १० मिमीच्या ईसीएपी रॉडमधून तो निघणार नाही. तिथे जे-इंटिग्रलची (तड्याच्या टोकाशी धातू वाहतो तेही धरून एनर्जी मोजायची) टेस्ट करावी लागते, आणि कोणी त्या १० मिमीच्या रॉडवरून केआयसी (प्लेन स्ट्रेनमधली टफनेस) म्हणून आकडा छापून देत असेल तर तो घेऊ नका.